सरांचा कीबोर्ड, माझी स्क्रीन

मी लोहारा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये लिपिक आहे. शाळेच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण आमचे मुख्याध्यापक अजून त्याच गावात राहतात आणि रोज संध्याकाळी पारावर पेपर वाचत बसतात. मी माकणीहून रोज एस.टी.नं जाते-येते. आमचं ऑफिस म्हणजे मुळात एकच लांबट खोली. मधे प्लायवूडचं पार्टिशन टाकून तिचे दोन भाग केलेत. एकात सर बसतात, दुसऱ्यात मी. पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही. सरांनी पलीकडं जांभई दिली तरी मला इकडं कळते.

गेल्या वर्षी शाळेला दोन नवे कंप्युटर मिळाले. एक सरांना, एक मला. त्याआधी शाळेत एकच जुना कंप्युटर होता, तो मीच चालवायची. खोकी आली त्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघंच थांबलो. मी, सर आणि आमचे शिपाई मामा. मामांची रिटायरमेंट जवळ आलीय. शाळेतल्या प्रत्येक वस्तूवर त्यांची नजर असते.

जोडणी मी केली. सर मागं हात बांधून उभे होते आणि मी जे करत होते तेच मला करायला सांगत होते.

"हां, आता ती वायर घ्या."

"घेतली सर."

"बरोबर."

मॉनिटरची निळ्या तोंडाची वायर, तिला दोन्ही बाजूंनी पिळायचे स्क्रू. प्रिंटरची चौकोनी तोंडाची. स्पीकरची हिरवी पिन हिरव्या भोकात. सरांनी विचारलं, "मॅडम, यातलं आत जाणारं कोणतं आणि बाहेर येणारं कोणतं?"

मी सांगितलं, "कीबोर्ड, माऊस, स्कॅनर यांच्यातून माहिती आत जाते. स्क्रीन, प्रिंटर, स्पीकर यांच्यातून बाहेर येते."

मामांनी मान डोलावली. "म्हंजे खायाचं त्वांड येगळं आन् बोलायचं त्वांड येगळं."

"असंच काहीतरी," मी म्हटलं.

"मंग ह्याला वायरच न्हाय की." मामांनी कीबोर्ड उचलून उलटा करून बघितला. दोन्ही कीबोर्ड आणि माऊस बिनवायरचे होते. प्रत्येक जोडीबरोबर नखाएवढा एक काळा तुकडा आला होता. तो कंप्युटरच्या पाठीत खोचायचा, मग हवेतूनच सगळं चालतं. मी ते दोन तुकडे आपापल्या जागी खोचले, दोन्ही कंप्युटर चालवून बघितले. सगळं ठीक होतं. सरांचा कंप्युटर सुरू झाला की आपोआप कोरं पान उघडेल आणि मराठी टायपिंग चालू होईल, अशी सोय करून दिली. कारण सरांना माऊस जमत नव्हता. बाण वर न्यायचा असला की ते माऊसच टेबलावरून वर उचलायचे.

जाताना सर मामांना म्हणाले, "मामा, नवीन वस्तू आहे. स्वच्छ ठेवायची."

मामांनी ते फारच मनावर घेतलं. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी दोन्ही कंप्युटरचं जे निघतं ते काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, जरासं उन्हात धरलं आणि परत बसवलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी आले, कंप्युटर सुरू केला, माझ्या मशीनवरही तीच सोय केली होती, म्हणून कोरं पान समोर आलं. टाईप करायला लागले तर एक अक्षर उमटेना. माऊस हलवला तर बाण जागचा हलेना. सेल संपला असेल म्हणून खाली वाकून ड्रॉवरमधला नवा सेल काढला. वर बघते तर बाण आपोआप स्क्रीनच्या कोपऱ्यात जाऊन थरथरतोय. आणि मग पानावर एक अक्षर आलं. 'न'. जरा वेळानं 'म'. मग बराच वेळ काही नाही. मग जोडाक्षर अर्धवट, पुसलं, परत आलं. शेवटी लिहून झालं, 'नमस्कार'.

माझ्या अंगावर काटा आला. मी घाईघाईनं टाईप केलं, 'नमस्कार. कोण आहे? कळावे.' ते 'कळावे' सवयीनं आलं. इतकी वर्षं पत्रं टाईप केल्यावर बोटं शेवटी तेच लिहितात. माझ्या स्क्रीनवर मात्र यातलं काहीच उमटलं नाही.

पार्टिशनपलीकडून सर मोठ्यांदा म्हणाले, "अरे वा!"

आणि माझ्या स्क्रीनवर हळूहळू उमटलं, 'मी मुख्याध्यापक आहे. तू कोण?'

आता मी कान दिला. पलीकडं टुक. माझ्या स्क्रीनवर एक अक्षर. पलीकडं परत टुक. आणखी एक अक्षर. सर एका बोटानं टाईप करतात, नजर कीबोर्डवर ठेवून. मी उठून कंप्युटरच्या पाठीमागं बघितलं. तो काळा तुकडा ओलसर होता. मामांनी दोन्ही पुसले होते आणि बसवताना अदलाबदल झाली होती. म्हणजे सरांचा कीबोर्ड माझ्या स्क्रीनवर लिहीत होता आणि माझा सरांच्या.

खरं तर तेव्हाच उठून जाऊन सांगायचं. दोन मिनिटांचं काम. पण सर मागच्या आठवड्यात धाराशिवला एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथं कुणीतरी सांगितलं होतं की आता नवे कंप्युटर माणसासारखी उत्तरं देतात. परत आल्यापासून ते सगळ्यांना हेच सांगत होते. मी दारापर्यंत गेलेसुद्धा. तेवढ्यात मागं स्क्रीनवर अक्षरं यायला लागली म्हणून वळून बघितलं. सरांनी विचारलं होतं, 'शाळेपुढील मुख्य समस्या कोणती?'

मी परत खुर्चीवर बसले आणि लिहिलं, 'मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. कळावे.'

पलीकडं सर उत्तर पुटपुटत वाचत होते. मग खुर्ची सरकली. सर बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्यांचा आवाज आला, "मामा! सुताराला बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

त्या कडीसाठी मी तीन अर्ज दिले होते. तोंडी किती वेळा सांगितलं ते मोजलं नाही. दुपारी दोन वाजता कडी बसली. चांगली जाड, पितळेची.

घरी जाऊन सगळं सांगितलं. नवऱ्याचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. तो म्हणाला, "उद्या सकाळी बदलून टाक, फुकट नोकरीवर येईल." सासूबाई मात्र पोटाला हात लावून हसत त्यांच्या दखनीत म्हणाल्या, "मशीनकू पूछते, तेरेकू नै पूछते? फिर मशीनच बन जा!"

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कंप्युटरचा वायरवाला कीबोर्ड आणि माऊस आणून माझ्या मशीनला जोडला. म्हणजे माझं काम सुरू झालं. बिनवायरचा कीबोर्ड टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. तो सरांसाठी. मनाला समजावलं की दोन-चार दिवसांत सांगून टाकू.

सरांना स्वतःचं लिहिलेलं दिसत नव्हतं, फक्त उत्तर दिसायचं. त्यांना शंका येईल असं मला वाटलं होतं. पण मधल्या सुट्टीत ते शिक्षकांना समजावून सांगत होते, "जुन्या संगणकात आपण लिहिलेलं दिसायचं. ते जुनं तंत्र. नव्यात प्रश्न थेट आत जातो. त्याला कळलं, पुरे. आपल्याला पुन्हा कशाला दाखवायचा?"

गणिताचे सर म्हणाले, "आणि उत्तर बरोबर येतं?"

"अचूक! आणि भाषा किती नम्र. प्रत्येक वेळी शेवटी 'कळावे' म्हणतो."

मी डब्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही.

प्रश्न वाढत गेले. 'गणिताचे शिक्षक मेहुण्याच्या लग्नासाठी भूमला १२ तारखेपासून चार दिवस जाण्याची रजा मागतात. द्यावी का?' मी कॅलेंडर बघून लिहिलं, 'तीन दिवसांची द्यावी. चौथा दिवस रविवार आहे. कळावे.' सर पलीकडं पुटपुटले, "बघा! आपल्या लक्षात आलं नसतं." कधी कधी मला उत्तर शोधायला उठावं लागायचं, मग माझ्या हाताचा धक्का लागून डाव्या बाजूचा बिनवायरचा माऊस हलायचा आणि सरांच्या स्क्रीनवरचा बाण इकडून तिकडं पळायचा. एकदा त्यांनी मामांना हाक मारून तो दाखवला. हळूच म्हणाले, "विचार करतोय."

मामा म्हणाले, "लई पळतंय. अवघड इचारलं आसंल."

चौथ्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. सरांनी विचारलं, 'कार्यालयात काही सुधारणा हवी का?' आणि मी लिहून गेले, 'लिपिकाच्या डोक्यावरचा पंखा नीट फिरत नाही, नुसता आवाज करतो. कळावे.' लगेच सर माझ्या दारात. चेहऱ्यावर हसू मावेना.

"मॅडम, तुमचा पंखा बदलून घेतो."

"का हो सर, एकदम?"

"संगणकानं सांगितलं."

"त्याला कसं कळलं सर?"

"त्याला सगळं कळतं," सर म्हणाले आणि वर पंख्याकडं बघितलं. पंखा नेमका तेव्हाच कर्रर्र करून थांबला. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू त्यांनीच तो थांबवलाय.

ते गेल्यावर मला फार वाईट वाटलं. कडीचं वेगळं होतं. स्वतःच्या पंख्यासाठी मी माणसाला फसवलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगायचंच असं ठरवून गेले, तर सर म्हणाले, "मॅडम, पुढच्या आठवड्यात शनिवारी संस्थेचे अध्यक्ष येतायत. आपला संगणक त्यांना दाखवायचा. खास त्यासाठी येतायत." मी नुसतं 'बरं सर' म्हटलं.

आणि त्या शनिवारच्या आधी, बुधवार-गुरुवारी, दाखल्याचा प्रकार घडला.

एक शेतकरी आपल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला होता. ते कुटुंब उमरग्याला राहायला चाललं होतं. बुधवार दुपारची गोष्ट. मी दाखला टाईप करत आणला होता. नाव, जन्मतारीख, जात, वर्तणूक, सगळं झालं. 'शाळा सोडण्याचे कारण' एवढंच राहिलं, तिथं बाण ठेवून मी जनरल रजिस्टर बघायला कपाटाकडं गेले. रजिस्टर खालच्या कप्प्यात, त्यावर दहा रजिस्टरं. मी ते काढतेय तेवढ्यात तो शेतकरी दारातून म्हणाला, "म्याडम, यस्टी लागलीया. लगी करा."

मी धावत आले. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलेलं दिसलं, वाटलं मीच 'पालकांचे स्थलांतर' लिहून गेले असेन. बटण दाबलं, प्रिंटरनं कागद बाहेर टाकला, मामांनी तो सरांकडं नेला, सरांनी न वाचता सही केली, शिक्का मारला आणि तो माणूस पळत स्टँडवर गेला.

गुरुवारी सकाळी तोच माणूस दाखला घेऊन परत आला. थेट सरांच्या खोलीत. मी पार्टिशनच्या अलीकडं.

"सर, ह्यो दाखला त्या शाळेत घेत न्हाईत."

"का? शिक्का आहे, सही आहे."

"ते म्हनले, हे कारण नियमात बसत न्हाय."

"कसं बसत नाही? वाचा बघू."

त्या माणसानं अक्षर अक्षर जोडत मोठ्यांदा वाचलं, "शाळा सोडन्याचे कारन. हरभऱ्याची उसळ खाल्ली की सकाळी पोट गुडगुडते. उपाय सांगा."

माझ्या हातातला पेन खाली पडला. 

तो माणूस पुढं म्हणाला, "सर, तुमी खोटं लिवलं आसं म्या म्हनत न्हाय. पोरगं उसळ खातंय. पोट बी गुडगुडतंय. पन त्यापायी शाळा सोडली आसं कुटं हाय? आमी जागा घेतलीया उमरग्यात."

सरांच्या तोंडून निघून गेलं, "हे... हे तर मी संगणकाला विचारलं होतं. काल."

"मंग त्यानं सांगितलं का उपाय?"

"नाही. काल त्यानं उत्तरच दिलं नाही."

आणि मी, का ते मला आजही सांगता येणार नाही, पार्टिशनवरून मोठ्यांदा म्हणाले, "ओवा घ्या सर. जेवणानंतर, कोमट पाण्याबरोबर. कळावे."

 मग सर सावकाश उठून माझ्या दारात आले. माझ्याकडं बघितलं. टेबलावरच्या दोन कीबोर्डांकडं बघितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "कळावे?"

मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्या सोमवारचं, ओल्या फडक्याचं, काळ्या तुकड्यांचं.  सर आपल्या खोलीत गेले, स्वतःचा कीबोर्ड उचलून कडेवर लेकरू घ्यावं तसा घेऊन माझ्या खोलीत आले. माझ्या स्क्रीनकडं बघत एक बटण दाबलं. स्क्रीनवर 'अ' उमटला. परत दाबलं. परत 'अ'. सात-आठ वेळा केलं. त्यांना राग यायचा होता, पण तो येईपर्यंत त्यांना त्या 'अ'ची गंमत वाटायला लागली होती.

"म्हणजे कडीसुद्धा..."

"कडी मीच सांगितली सर. त्याआधी तीन अर्ज दिलेत."

"कुठं?"

मी फाईल काढून दिली. तिन्ही अर्जांवर सरांच्याच अक्षरात 'पाहिले' असा शेरा आणि सही. सरांनी तिन्ही वाचले. पहिल्यांदाच वाचत होते हे दिसत होतं. दारात तो शेतकरी उभा होता, तो म्हणाला, "सर, माझ्या दाखल्याचं काय?"

सरांनी माझ्या खुर्चीजवळ उभं राहून नवा दाखला करून घेतला. या वेळी सही करण्याआधी कागद डोळ्याजवळ धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग मागची बाजूही वाचली. ती कोरी होती.

तो माणूस गेल्यावर सरांनी पंख्याकडं बघितलं. मला वाटलं, आता मेमो. पण ते म्हणाले, "अध्यक्षांना काय सांगायचं?"

"मी सांगते सर. चूक माझी आहे."

"नाही. 'संगणक सांगतो' असं मी सगळ्यांना सांगत होतो. मीच सांगतो."

त्यांनी संध्याकाळी अध्यक्षांना फोन करून काय सांगितलं ते मला माहीत नाही. शनिवारी कुणी आलं नाही एवढं खरं. पण शुक्रवारी मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले, उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "तो संगणक नव्हता. मॅडम होत्या. आणि उत्तरं मात्र बरोबर होती."

हिंदीच्या बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा आमटीच्या डब्यात पडला. गणिताचे सर मात्र हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

"सर, मग माझी रजा कुणी ठरवली?"

"मॅडमनी."

गणिताच्या सरांनी माझ्याकडं वळून विचारलं, "पुढच्या महिन्यात मुंज आहे हो भूमलाच. तर..."

"रीतसर अर्ज द्या," मी म्हणाले. सर म्हणाले, "द्या. मी वाचीन."

सर दोन दिवस माझ्याशी थोडे अंतर ठेवून वागले. गुड मॉर्निंग म्हटलं की नुसती मान हलवायचे. मंगळवारी पंखा आला. त्याच दिवशी मी दोन्ही काळे तुकडे आपापल्या जागी बसवले आणि मामांना हात जोडून सांगितलं की आता काढायचं काही नाही.

"न्हाय काढत," मामा म्हणाले. "नुसतं वरून फुकतो."

त्यानंतर सर रोज सकाळी दहा मिनिटं माझ्या खोलीत खुर्ची आणून बसायला लागले. शाळेचं काय करायचं ते तोंडी विचारतात, मी तोंडी सांगते, कधी पटतं, कधी आम्ही वाद घालतो. मला बरं वाटतं. पण पोटाचं तोंडी विचारणं त्यांना जमेना. कंप्युटरला विचारताना जे सहज जायचं ते माणसाला, त्यातून बाईमाणसाला, विचारायचं म्हणजे त्यांना अवघड. म्हणून ते चिठ्ठीवर लिहितात, घडी घालतात आणि मामांकडं देतात. मामा चौथी शिकलेत आणि हातात पडलेला कागद वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

परवा मी पगारबिलं करत होते. मामा दारातच थांबले, चिठ्ठी उघडली, हात लांब करून धरली आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "म्याडम, सर इचारत्यात, रातच्याला मुळा खाल्ला तर चालंल का?"

पलीकडून सर ओरडले, "मामा! ते खासगी आहे!"

मामांनी चिठ्ठीची दुसरी बाजू बघितली. मग माझ्याकडं वाकून, आवाज जराही कमी न करता, म्हणाले, "खासगी हाय म्हनत्यात. तरी बी म्या सांगतो, मुळा नगं."